अप्पांचे एकोणीस आक्षेप

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही माझ्याकडे संशयाने बघणार नाही. तो शोधनिबंध मीच लिहिला होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यातले नऊ पेशंट मीच जन्माला घातले, त्यांचं ब्लडप्रेशर मीच चढवलं आणि मीच उतरवलं. लेखकाचं नाव दिलं डॉ. वि. ना. पुरावे. याहून जास्त प्रामाणिकपणे माणसाने काय खोटं बोलायचं, तुम्हीच सांगा.

मी काल्हेर रोडवरच्या एका मेडिकल कॉलेजात ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, हा गृहस्थ दिवसभर तोंडावर बोट ठेवून बसत असेल. अहो, गप्प करायला आधी कोणीतरी यावं लागतं. आमच्याकडे मुलं येतात ती एसीसाठी, आणि प्राध्यापक येतात ते मुलं कुठे आहेत हे बघायला. पण दरवर्षी एकदा मला भाव येतो. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना 'आरोग्य संशोधनाचं चिकित्सक परीक्षण' शिकवायचं काम माझ्याकडे असतं. नाव ऐकून घाबरू नका. छापलंय म्हणून खरं मानायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. किती माणसांवर बघितलं, कोणाशी तुलना केली, पैसे कोणी दिले, मधेच सोडून गेले त्यांचं काय झालं, हे खोदून खोदून विचारायचं. मेथीची जुडी घेताना आपण वरची पानं बाजूला करून आत बघतोच ना, तसं.

तीन वर्षं मी हे पडद्यावर तक्ते दाखवून शिकवलं. मुली झोपायच्या. नाइट ड्युटी करणाऱ्या पोरींना डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या येते. परीक्षेत काही उमटलं नाही तेव्हा मला ते कळलं. म्हणून या वर्षी ठरवलं, खरा निबंध द्यायचाच नाही. आपणच एक खोटा लिहायचा, त्यात खड्डे ठेवायचे, आणि कोण कुठल्या खड्ड्यात पडतंय ते खुर्चीत बसून बघायचं. शिक्षणाचं शिक्षण आणि गमतीची गंमत. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिथेच पुढे घात झाला.

निबंधाचा विषय, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसल्याने ब्लडप्रेशरवर होणारा परिणाम. खड्डे मोजून सात. नऊच पेशंट, त्यातले चार एकाच घरातले. आधीचं प्रेशर मोजलं ते एसटीतून उतरून तरातरा चालत आल्या आल्या, नंतरचं मोजलं ते अर्धा तास आडवं पडल्यावर. कुंडात न बसलेल्या माणसांशी तुलना नाहीच. दोन पेशंट परत आले नाहीत, त्यांना 'पूर्ण बरे' धरलं. खर्च केला लेखकाच्या मेव्हण्याच्या लॉजने. अभ्यास संपल्याची तारीख ३१ नोव्हेंबर. सातवा खड्डा म्हणजे लेखकाचं नाव. आणि शेवटी ठळक अक्षरात निष्कर्ष: 'सत्त्याऐंशी टक्के रुग्णांचा रक्तदाब कायमचा आटोक्यात आला, गोळ्यांची गरज उरली नाही.'

एकसष्ट प्रती काढल्या, साठ मुलींच्या आणि एक माझी. आमचा शिपाई काळूराम याचा एक सिद्धांत आहे: लायब्ररीतून बाहेर जाणारा कागद बिनशिक्क्याचा जाता कामा नये. मी बजावलं, "काळूराम, हे नुसतं वर्गासाठी आहे, शिक्का नको." तो म्हणाला, "सायेब, उद्या कोनी विचारला तर? मना ठाव न्हाय म्हनून चालंल का?" आणि त्याने एकसष्टच्या एकसष्ट प्रतींवर कॉलेजचा गोल शिक्का मारला. वर जावक रजिस्टरात नोंद करून प्रत्येकीवर क्रमांकही घातला. मला वाटलं, बरं झालं, अजून खरं दिसेल. माणसाच्या बुद्धीला ग्रहण लागतं ते असं लागतं.

वर्ग झकास झाला. साठातल्या पंचावन्न मुलींनी फक्त निष्कर्ष वहीत उतरवून घेतला. चार जणींनी 'सर, हे परीक्षेला आहे का' विचारलं. एकच मुलगी उठली, स्नेहा म्हणून. अकलोलीच्या पलीकडच्या पाड्यावरची, बोलायला एरवी लाजरी.

"सर, माझी काशीआत्या कुंडाजवळ काकड्या विकते," ती म्हणाली. "ती सांगते, तीच तीच माणसं वीस वर्षं येतात. बरी झाली असती तर परत कशाला आली असती?"

मी तिला तिथल्या तिथे पैकीच्या पैकी मार्क दिले. साठ पानं संशोधनपद्धती वाचून जे कळत नाही ते काकड्या विकून कळतं. उरलेला तास धमाल गेला, सातही खड्डे मुलींनीच शोधले, आणि मी शीळ घालत घरी आलो. उरलेली एक प्रत माझ्या पिशवीत होती. ती प्रत मी फाडायला हवी होती.

आता थोडं अप्पांविषयी. अप्पा म्हणजे माझे सासरे, चिंतामणी गोविंद टिपणीस. वय शहात्तर. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत आस्थापना विभागात हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. आमच्याच सोसायटीत बी विंगमध्ये एकटे राहतात, दोन्ही वेळचा डबा आमच्याकडून जातो. त्या संध्याकाळी सुनीतीने, म्हणजे माझ्या बायकोने, अळूवड्या केल्या. डब्याला तेल सुटू नये म्हणून खाली घालायला कागद शोधला, तर हाताला आली माझी पिशवी. अप्पांची सवय अशी की समोर आलेला कागद वाचल्याशिवाय टाकायचा नाही. भेळेचा कागदसुद्धा ते आधी वाचतात, मग भेळ खातात.

चार दिवसांनी सुनीती बी विंगमधून आली ती दारातच उभी राहिली.

"अप्पांनी गोळी बंद केलीय."

"कसली गोळी?"

"प्रेशरची. सोमवारपासून. कुठल्यातरी कॉलेजचा रिपोर्ट आलाय म्हणे, गोळीची गरज नाही." आणि तिने पिशवीतून अळूवड्यांचे डाग पडलेला, शिक्का मारलेला तो कागद काढला.

मी हसलो. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसलो. माझं लेखन इतकं जमून आलंय हे मलाच माहीत नव्हतं.

"हस," सुनीती म्हणाली. "आज सकाळी एकशे अडुसष्ट होतं. अप्पांच्या सख्ख्या भावाचं, भाऊकाकांचं, असंच झालं होतं. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली, आणि पंधरा दिवसांत अर्धं अंग गेलं. अप्पांनीच त्यांना दोन वर्षं भरवलं. ते विसरले असतील, मी नाही."

मग माझं हसू थांबलं. चपला घालून तडक बी विंगला गेलो.

अप्पा आरामखुर्चीत बसले होते. समोर वही, पेन आणि प्रेशरचं मशीन.

"या केदारराव," ते म्हणाले. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण त्यांनी इतक्या प्रेमाने मला 'या' म्हटलेलं आठवत नाही. "तुमच्या संस्थेचं काम वाचलं. उत्तम. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही तिथे नुसते टवाळक्या करता."

"अप्पा, ती टवाळकीच आहे. तो निबंध खोटा आहे. मी लिहिलाय."

"विनय चांगला. पण किती असावा."

"विनय नाही हो. मुलींना शिकवायला थट्टा केली."

"कागदाला जावक क्रमांक आहे," अप्पा म्हणाले. "थट्टेला जावक क्रमांक नसतो."

"लेखकाचं नाव तरी बघा. वि. ना. पुरावे."

"बघितलं. पुरावे कर्जतकडचे. आमच्या लेखा विभागात एक होते. सज्जन माणूस, पण पानाचं व्यसन."

मी डोकं धरून बसलो, तर त्यांनी चष्मा काढला. "केदारराव, गेल्या वर्षी तुम्ही फळ्यावर नोटीस लावलीत. पंच्याहत्तर किलोच्या वरच्यांनी लिफ्ट सोमवार, बुधवार, शुक्रवारीच वापरावी. मी पंधरा दिवस मंगळवारी जिना चढलो. तेव्हा तुम्ही म्हणत होतात, नोटीस खरी आहे. आज तुम्ही म्हणता, हा कागद खोटा आहे. तुमच्या शब्दावर मी कोणत्या दिवशी विश्वास ठेवायचा, त्याचंही एकदा वेळापत्रक लावा."

आयुष्यभर थापा मारून मी एक गोष्ट कमावली होती, ती म्हणजे माझ्या खऱ्या बोलण्याला कवडीची किंमत नाही.

फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "त्यांना सांगा, घ्या म्हणजे घ्या." मी सांगितलं. अप्पा म्हणाले, "हा शेरा झाला. आधार कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्य मॅडमकडे गेलो. म्हटलं, सही-शिक्क्याचा कागद सही-शिक्क्यानेच मरतो. कॉलेजने एक ओळीचं पत्र द्यावं की अमुक जावक क्रमांकाचा कागद मागे घेतला आहे. मॅडम त्या वेळी कॉलेजच्या मूल्यांकनाच्या अहवालात बुडाल्या होत्या. टेबलावर फायलींचा असा डोंगर की त्यांच्या कपाळावरची टिकलीच तेवढी दिसत होती.

"मागे घ्यायचं म्हणजे?" टिकली म्हणाली. "चौबळसर, जावक रजिस्टरावरून आम्ही यादी केली. यंदाचं आपलं हे एकमेव संशोधन आहे."

"मॅडम, ते खोटं आहे."

"खोटं म्हणजे, प्राथमिक स्वरूपाचं?"

"खोटं म्हणजे खोटं. एकतीस नोव्हेंबर तारीख आहे त्यावर."

"मग तीस करा." मॅडमनी पेन उचलून दिलं. मी ते घेत नाही म्हटल्यावर त्या मऊ झाल्या. "हे बघा, प्रकाशन मागे घ्यायला समिती लागते. समितीचा सदस्य सचिव ग्रंथपाल असतो. पण प्रकरण ग्रंथपालाचंच असेल तर आधी दुसरा सचिव नेमायला बैठक घ्यावी लागते. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला बघू."

अप्पांचं प्रेशर त्या सकाळी एकशे सत्तर. ते वीस तारखेची वाट बघेल की नाही, हे मॅडम सांगू शकल्या नाहीत.

तोवर अप्पांनी कागदाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली शेरा: 'जावयांच्या संस्थेचा अधिकृत अहवाल. ज्येष्ठांनी लाभ घ्यावा.' रविवारी सकाळी खाली आलो तर गेटसमोर ट्रॅव्हलर उभी. गाडी बाळारामशेठची, त्याची राहनाळला गोडाऊनं आहेत आणि मन त्याहून मोठं. आत चौदा ज्येष्ठ, टॉवेल, पंचे, चिवड्याचे डबे. पुढच्या सीटवर बाळारामची आई आणि तिच्या शेजारी अप्पा, मांडीवर प्रेशरचं मशीन.

"केदारभाऊ, तुमी तं कमाल केली," बाळाराम म्हणाला. "आमचे आईला बीपी हाय ना. मी बोललो, चल, गाडी घरचीच हाय."

"बाळाराम, ऐक. ते सगळं बोगस आहे. मीच लिहिलंय."

बाळारामने गाडीत मान घालून सगळ्यांना सांगितलं, "ऐकलात का, केदारभाऊ बोलतान ते बोगस हाय." चौदाच्या चौदा जण खो खो हसले. एक काकू म्हणाल्या, "मेला सुधारायचा नाही." मग मीही गाडीत चढलो. करणार काय? माझ्याच निबंधाचा पेशंट नंबर दहा चालला होता, त्याच्याबरोबर जायला नको?

कुंडावर गर्दी होती. अप्पा पंचा लावून पायरीपायरीने उतरले, गळ्यापर्यंत पाण्यात बसले आणि डोळे मिटले. खरं सांगतो, मजा वाटत होती त्यांच्याकडे बघून. इतक्या सुखात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांनी ते झटकन उठले आणि जागच्या जागी डोलायला लागले. मी धरायच्या आत ड्रायव्हरने त्यांना काखेत धरून पायरीवर बसवलं.

"चाचा को चक्कर आया है. बैठो चाचा, बैठो. पानी दो इनको."

गरम पाण्यातून एकदम उठलं की प्रेशर उतरतं, चक्कर येते, हे मला ठाऊक होतं. पुस्तकं जपणाऱ्याला तेवढं कळतं. पण अप्पांचा ओला हात माझ्या हातात होता आणि तो इतका हलका लागला की मी तो दोन्ही हातांनी धरला.

अप्पांनी मात्र दम खाल्ल्या खाल्ल्या मशीन मागवलं. मोजलं. एकशे तीस.

"बघा," ते म्हणाले. "पुरावेंना उगाच नावं ठेवत होतात." आणि वहीत एकशे तीस लिहून खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी घरी मोजलं तर एकशे अठ्ठ्याहत्तर. अप्पांनी तो आकडा लिहिला, पुढे 'प्रवासाचा थकवा, धरू नये' असं लिहिलं आणि आकडा खोडला. माझ्या निबंधातली परत न आलेली दोन माणसं मला आठवली. मी गंमत म्हणून जे केलं होतं ते हा माणूस मनापासून करत होता.

त्या संध्याकाळी सुनीती ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती, आणि चिरण्याचा आवाज मला उद्देशून होता.

"तू त्यांना सांगत राहिलास की हे खोटं आहे," ती म्हणाली. "अप्पांनी आयुष्यात कधी कोणाचं सांगितलेलं ऐकलंय? आईचं नाही ऐकलं. त्यांना सांगायचं नसतं. त्यांचा अभिप्राय मागायचा असतो."

माझ्या बायकोला ग्रंथालयशास्त्राचा गंध नाही, पण माणूस कुठल्या कपाटात सापडतो हे तिला अचूक कळतं.

सोमवारी मी काळूरामला फाईल बांधायला सांगितली. पुठ्ठ्याची, नाडीची, जुन्या पद्धतीची. आत निबंध, डाव्या बाजूला टिपणीचे कोरे कागद. पहिल्या कागदावर मी लिहिलं: 'विषय: कुंडस्नान व रक्तदाब. सोबतच्या कागदाची छाननी होऊन अभिप्राय मिळावा, ही विनंती. कार्यवाहीपूर्वी सादर.' काळूरामने शिक्का मारला. या वेळी मी त्याला दोनदा मारायला लावला. आणि मी फाईल घेऊन बी विंगला गेलो, दारात उभं राहून म्हटलं, "अप्पा, आमच्याकडे छाननी करणारं कोणी नाही. तुम्ही बघाल का?"

त्यांनी फाईल हातात घेतली. नाडी सोडायची ती पद्धत बघायला हवी होती. एक हिसका, आणि गाठ नाही. सोळा वर्षांत त्या बोटांना कोणी फाईल दिली नव्हती.

"लाल पेन," अप्पा म्हणाले.

दुपारी चारला त्यांनी दार लावून घेतलं. साडेसातला फाईल आमच्या घरी आली, आणि मागोमाग तेही. मी जेवणाच्या टेबलावर उघडली. आक्षेप एकोणीस. मी सात खड्डे खणले होते. या गृहस्थाने माझ्या रस्त्यावर आणखी बारा शोधले.

सातच्या सात तर होतेच. 'आक्षेप २: नोव्हेंबर महिना तीस दिवसांचा असतो. ही बाब लेखकाच्या निदर्शनास आणावी.' 'आक्षेप ५: मोजमाप एकदा दमलेल्या व एकदा निजलेल्या अवस्थेत. याच न्यायाने निजणे हाच उपचार ठरेल.' 'आक्षेप ८: नऊचे सत्त्याऐंशी टक्के म्हणजे सात पूर्णांक त्र्याऐंशी शतांश माणूस. आठवा माणूस कुंडातून पूर्ण बाहेर आला नाही काय, याचा खुलासा व्हावा.' हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी तो आकडा दिसायला बरा म्हणून टाकला होता. पेशंट नंबर चार एका तक्त्यात एकसष्ट वर्षांचा आणि दुसऱ्यात सोळाचा. ती माझी टाइप करतानाची चूक. 'आक्षेप १४: अभ्यास सहा आठवड्यांचा. "कायमचा" हा शब्द कोणत्या अधिकारात वापरला?'

मी शेवटच्या पानावर आलो. अक्षर तिथे जरा लहान झालं होतं.

'आक्षेप १९: सदर कागद छाननीपूर्वीच अमलात आणला गेला, व इतरांकडेही पाठवला गेला. अमलात आणणाऱ्याने फक्त शिक्का व शेवटची ओळ वाचली होती. अमलात आणणारा: चिं. गो. टिपणीस, सेवानिवृत्त हेडक्लार्क. ही चूक गंभीर आहे. निबंध फेटाळावा.'

खाली सही, तारीख.

सुनीती पदराने डोळे पुसत आत गेली.

"अप्पा," मी म्हटलं, "मग आता गोळी."

"ती वेगळी फाईल," अप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"कुंडाचा कागद फेटाळला, त्याने गोळी मंजूर होत नाही. अकरा वर्षं मी ती गोळी घेतली. कोणाच्या सांगण्यावरून? डॉक्टरांच्या शेऱ्यावरून. आधार कधी बघितला? नाही. तीच चूक मी दोनदा करणार नाही. सादर करा, बघतो."

आता मला सांगा, हे शिकवलं कोणी त्यांना? मीच. साठ मुलींना जे तीन वर्षांत शिकवता आलं नाही ते सासऱ्यांच्या अंगात साडेतीन तासांत भिनलं, आणि ते उलटून माझ्याच अंगावर आलं.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत खऱ्या अर्थाने काम केलं. काळूरामने दोनदा येऊन विचारलं, "सायेब, बरं हाय ना?" अप्पांच्या गोळीवरचा एक जुना, मोठा, भक्कम अभ्यास सापडला, पण पूर्ण मजकूर मुंबईच्या एका लायब्ररीत. तिथे माझी जुनी वर्गमैत्रीण वल्लरी आहे. ती म्हणाली, "केदार, देते की. पण तुमच्या प्राचार्यांच्या सहीचं मागणीपत्र पाहिजे. आणि या वेळी खरं. मागच्या वेळी तू मला राज्यपालांच्या नावाने पत्र पाठवलं होतंस."

मॅडमकडे पत्र नेलं. वर 'आंतरग्रंथालयीन सहकार्य' असं लिहिलेलं बघून त्यांनी लगेच सही केली. अहवालात त्याला वेगळा रकाना आहे म्हणे. 'संशोधन' या रकान्यात काय लिहायचं ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "तो एकोणीस आक्षेपांचा कागद आहे ना, तो इकडे द्या. संशोधनाचं परीक्षण झालं असं दाखवू. पुरावे राहू देत बाजूला."

या सगळ्यात दोन दिवस गेले. एकशे बहात्तर, एकशे सत्तर. सुनीती दर तासाला अप्पांना फोन करायची आणि काही कारण नसताना विचारायची, "अप्पा, डावा हात हलवता का जरा?" अप्पा म्हणायचे, "हलवतोय, फोन त्याच हातात आहे."

गुरुवारी सकाळी तो अभ्यास घेऊन मी बी विंगला गेलो. इंग्रजी अप्पांना येतं, पण वैद्यकीय इंग्रजी कोणालाच येत नाही, म्हणून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. हजारो माणसं. चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय दिलं हे ना पेशंटला ठाऊक, ना मोजणाऱ्याला. काही वर्षं सगळ्यांच्या मागे लागून कोणाला अर्धांगवायू झाला ते मोजलं. अप्पा लाल पेन हातात धरून ऐकत होते.

"सोडून गेले किती?"

मी आकडा सांगितला. "त्यांना बरे धरलेलं नाही," हेही सांगितलं.

"खर्च कोणाचा?"

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. आदल्या संध्याकाळी प्रत काढताना त्या ओळीवर मी अंगठा ठेवला होता. बाकी सगळा खर्च सरकारी, पण गोळ्या कंपनीने फुकट दिलेल्या. एक चतकोर कागद वर ठेवून प्रत काढली असती तर ती ओळ गेली असती, आणि या कलेत माझा हात धरणारा भिवंडीत कोणी नाही. अंगठा थोडा वेळ तिथे राहिला. मग काढला.

"सरकारचा," मी म्हटलं. "पण गोळ्या कंपनीने दिल्यात. खाली लिहिलंय."

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ही ओळ तुम्ही गाळू शकला असतात."

"हो."

"मग?"

"मग तुम्ही ती शोधली असतीत, आणि मी कायमचा फेटाळला गेलो असतो."

अप्पा हसले. आवाज न करता, खांदे हलवून. मग टिपणीवर लिहिलं, 'कंपनीच्या गोळ्यांची बाब नोंद घेण्यात आली. आधार पुरेसा. पूर्ववत सुरू करण्यास हरकत नाही.' सही केली, तारीख घातली, पेनाला टोपण लावलं, आणि गोळी तोंडात टाकून पाणी प्यायले. सुनीती दारात उभी होती. तिने फक्त रिकामा पेला उचलला आणि आत गेली. पाणी मात्र बराच वेळ वाहत होतं मोरीत.

ग्रुपवर अप्पांनी एकोणीसच्या एकोणीस आक्षेप टाकले, स्वतःच्या आक्षेपासह. ज्या ज्येष्ठांनी गोळ्या सोडल्या होत्या त्यांच्या तासाभरात पुन्हा सुरू. मी धावत बाळारामकडे गेलो, आईचं काय म्हणून. तो म्हणाला, "तिनं बंद केलीच नव्हती. ती बोलते, मी गोलीबिलीसाठी नाय गेली, पानी गरम असतं, अंग मोकला होतं, म्हनून गेली. पुढच्या रविवारी परत जातंव. तुमी येताव का?"

हे अप्पांना सांगायला मी परत बी विंगला गेलो, आणि सगळं मिटलं म्हणून निघायला उठलो, तर अप्पा म्हणाले, "बसा केदारराव. वय काय तुमचं?"

"एक्कावन्न."

"प्रेशर शेवटचं कधी मोजलंत?"

मी छताकडे बघितलं. साठ मुलींना, चौदा ज्येष्ठांना आणि एका प्राचार्यांना अक्कल शिकवणारा माणूस, त्याने स्वतःचं प्रेशर कधी मोजलंच नव्हतं. अप्पांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. मशीन घरघरलं. एकशे छप्पन्न.

"जिना चढून आलोय," मी म्हटलं. "शिवाय तुम्हाला बघून टेन्शन येतं. आणि एका रीडिंगवरून निष्कर्ष काढायचा नसतो, अप्पा. हे तर मीच शिकवतो."

"मान्य," अप्पा म्हणाले आणि वहीचं नवं पान उघडून वर माझं नाव घातलं. "म्हणून उद्यापासून सात दिवस. सकाळी साडेसात. येऊन पाच मिनिटं गप्प बसायचं, मग मोजायचं. गप्प बसायला जमेल ना?"

जमलं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं फार लांब वाटली. तिसऱ्या दिवशी अप्पांनी त्या वेळात चहा टाकायला सुरुवात केली, पण प्यायला द्यायचे मोजून झाल्यावरच, कारण चहाने आकडा बिघडतो. गॅलरीच्या कठड्यावर एक कावळा यायचा, आम्ही दोघं त्याच्याकडे बघत गप्प बसायचो. चोवीस वर्षांत सासरे-जावई इतके एकत्र बसलो नव्हतो. एकही आकडा अप्पांनी खोडला नाही, आणि मीही 'हा धरू नका' म्हटलं नाही.

सातव्या दिवशी सरासरी निघाली. ती वही घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाऊन आलो. डॉक्टरांनी मलाही गोळीची चिठ्ठी लिहिली तेव्हा अप्पा माझ्या आधी वाकून ती वाचत होते. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून दुसरा पेला काढला, पाण्याने भरला आणि माझ्यापुढे ठेवला.